पाणी नसल्याचा कागद

सातपूर, नाशिक
३० सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

मी सुखरूप पोहोचले. घोटीला गाडी लगेच मिळाली. माझ्या बुटांना तुमच्या कुरणवाडीचा इतका चिखल होता की कंडक्टर म्हणाला, "ताई, अर्धा डोंगर घेऊनच निघालात की."

पत्र पाहून तू हसशील. पण तुला फोन करायचा म्हणजे तू टाकीच्या पायऱ्या चढणार, तिथे रेंज येणार आणि खाली उभी असलेली चार माणसं आपलं बोलणं घरोघर पोहोचवणार. मला जे विचारायचं आहे ते फक्त तुला विचारायचं आहे.

आधी माझी बढाई ऐकून घे. तुझ्याकडे चार दिवस राहून केलेलं हे माझं पहिलं स्वतंत्र काम. मुंढ्या डोंगरावर काळ्या दगडाची खाण काढायची तर आधी पर्यावरण मंजुरी लागते. त्यासाठी आमच्यासारखी सल्लागार कंपनी अहवाल देते. हवा कशी, आवाज किती, झाडं कुठली, पाणी कुठे, सगळं त्यात येतं. कंपनीचे शेखर सर म्हणाले, पाण्याच्या प्रकरणाखाली माझं नाव छापलं जाईल. बाबांनी कारखान्यात दोन शिफ्टच्या लोकांना सांगूनही टाकलं.

असे अहवाल म्हणजे नुसते कागद, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. दगड लागणारच, रस्ते आणि घरं त्याचीच होतात. पण तो कुठून काढायचा आणि कुठे हात लावायचा नाही, हे कुणीतरी खरं लिहायला हवं. ते लिहिणारी मी आहे, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

आता प्रश्न. मोठ्या उंबराखाली, पेंढ्याच्या उडवीला टेकून आपण भाकरी खाल्ली. तिथे दगडांच्या फटीत नेचे खूप दाट होते. मी बारकू काकांना विचारलं, इथे झरा आहे का? ते म्हणाले, "ताई, पावसाळ्यात तुमच्या सातपूरच्या भिंतीलासुद्धा झरा असतो." सगळे हसले, मीही हसले. तू हसली नाहीस, म्हणून विचारते. उन्हाळ्यात तिथे पाणी असतं का? मी तुझ्याकडे नेहमी दिवाळीत आले. मे महिन्यात तूच आमच्याकडे यायचीस, त्यामुळे तुमचा उन्हाळा मी पाहिलेलाच नाही.

फॉर्मवर 'बारमाही झरा' असा रकाना आहे. त्यात मी पेन्सिलीने 'नाही' लिहिलं आहे. तू सांगशील ते शाईने लिहीन.

तुझी
हर्षाली


कुरणवाडी
१९ ऑक्टोबर

चि. हर्षालीस आत्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तवा मी भाताच्या बांधावर व्हते. पोस्टमन लांबून वरडला, "चंद्रभागाबाई, नाशिकची नोटीस!" जवळ आल्यावर म्हणतो, "नाय वो, भाचीचं पत्र हाय." त्याला आधी शिव्या घातल्या, मंग चहा पाजला.

सातवीनंतर एवढं लांब पहिल्यांदाच लिवते. चुकलं तर तू ग्रॅज्युएट हायस, समजून घे. आपल्या घरात आजवर कागद आला की दुसऱ्याच्या दारात वाचायला न्यायचा. आता आपल्याच घरातली पोर कागद लिवती, अन् सरकार वाचतं. तुझी आजी असती तर दृष्ट काढली असती.

पाण्याचं इचारलंस. आमच्याकडं पावसाळ्यात कुठं वलं नसतं? चुलीच्या बुडालाबी पाणी निघतं. उन्हाळ्यात काय नाय. खालच्या रस्त्याला टँकर येतो, तिथून हंडे वाहायचे. तू पेन्सिलीचं पुसू नको, त्याच्यावरूनच शाई फिरव. पंच म्हणून आमच्या ह्यांनी, तुझ्या गोटीराम मामांनी, सही केलीच हाय, बारकूनं केली, झिपरूनं केली. तीन गडी नाय म्हणत्यात, म्हंजे नाय.

मी हसले नाय म्हणतीस, त्या दिवशी माझी दाढ दुखत व्हती.

नागलीचं पीठ करून ठेवलंय. भारतला म्हणावं, बहिणीकडं यायला सुट्टी लागत नाय, मन लागतं.

चंद्रभागा


सातपूर
३० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

अहवाल गेला! दोनशे चौदा पानं झाली. एकशे बत्तिसाव्या पानाच्या तळाशी माझं नाव आहे, हर्षाली भारत गतीर. बाबांनी त्या पानाची झेरॉक्स मागितली. मी म्हटलं, त्यात नुसतं पाण्याचं कोष्टक आहे. ते म्हणाले, "कोष्टक तर कोष्टक, आपलं आडनाव आहे ना."

सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणाले, या मुलीने पंचांची सही घेतल्याशिवाय एकही रकाना भरला नाही.

पुढे काय होईल ते तुला सांगते, म्हणजे वाडीत कुणी विचारलं तर तुला सांगता येईल. खाणीची जागा सात हेक्टर आहे. रस्ता उंबराच्या बाजूने जवळ पडतो, म्हणून काम तिथूनच सुरू होईल. उंबराच्या वरच्या अंगाला पहिला टप्पा असेल. बारमाही पाणी असतं तर तो सगळा उतार सोडावा लागला असता. ते नसल्यामुळे नकाशा सोपा झाला. धूळ दाबायला पाणी मारणं, शाळेच्या वेळेत सुरुंग न उडवणं, हजार झाडं लावणं अशा अटी मी सुचवल्या आहेत. त्या मान्य झाल्या तर ही खाण इतर खाणींसारखी होणार नाही. जानेवारीत तुमच्याकडे जनसुनावणी होईल. मांडव, माईक, सगळं असेल.

दाढ कशी आहे?

तुझी
हर्षाली


कुरणवाडी
११ डिसेंबर

चि. हर्षाली,

दाढ बरी हाय.

एक इचारायचं व्हतं. माझं नाय, वळखीच्या एका बाईचं हाय, लांब दुसऱ्या गावची. तिच्या गावात तुझ्यासारखंच कुणी मोजायला आलं व्हतं. त्यांनी इचारलं पाणी हाय का, तर गाव म्हणलं नाय. अन् समज, हाय. तर मंग तो कागद बदलता येतो का? कुणाला सांगायचं? सांगणाऱ्याला काय व्हतं? ज्यांनी सही केली त्यांना पोलीस धरत्यात का?

ती बाई घाबरली हाय म्हणून इचारते. तिला जेवण जात नाय.

उंबराच्या वरच्या अंगाला म्हंजे किती वर? पन्नास पावलं का शंभर?

लवकर लिव.

आत्या


सातपूर
२० डिसेंबर

आत्या,

ती लांबच्या गावची बाई तूच आहेस ना?

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि कंपनीचा थांबा मागे गेला तरी बसून राहिले. मी तुला साधा प्रश्न विचारला होता आणि तुझ्या शब्दावर शाई फिरवली होती. त्या कोष्टकाखाली तुझं नाव नाही, माझं आहे. मी काय केलं होतं तुमचं? चार दिवस तुझ्या अंथरुणात झोपले. सकाळी तू माझी वेणी घालून दिलीस आणि त्याच सकाळी मला खोटं बोलून डोंगरावर पाठवलंस?

वर पहिला टप्पा ऐंशी मीटरवर आहे. झऱ्याच्या डोक्यावर सुरुंग उडाला तर खडकाच्या भेगा हलतात. पाणी गढूळ होतं, वाट बदलतं किंवा जातं. गेलेलं परत आणता येत नाही.

मला खरं काय ते लिही. मी रागावले आहे, पण तरीही लिही.

हर्षाली


कुरणवाडी
३१ डिसेंबर

चि. हर्षाली,

दुपारी घरात कुणी नाय म्हणून लिवते.

व्हय, ती बाई मीच. अन् पाणी हाय. तू टेकून भाकरी खाल्लीस त्या उडवीच्या बुडालाच हाय. दरसाल पाऊस लागला की आम्ही त्यावर शिळा ठेवतो, कडेनं चिखल लिंपतो, म्हंजे वाहून आलेला गाळ आत जात नाय. होळीला उघडतो. मंग जेठ सरेपतोर सगळी वाडी त्याच्यावर जगती. टँकर आठ दिवसांनी एकदा येतो, तो बी खाली रस्त्याला. म्हातारी माणसं, बाळंतिणी, ढोरं, समद्यांना उंबराचंच पाणी.

पेंढ्याची उडवी मातुर तुम्ही येणार म्हणून दोन दिवस आधी रचली. बारकू, झिपरू अन् तुझे मामा, भर पावसात भिजत. तू तिथं टेकून बसलीस तवा मला घास गिळंना. अन् तुझा रागबी आला. पोरी, सप्टेंबर महिन्यात आमच्याकडं उघड्यावर पेंढा कोण ठेवतं? चार दिवसांत कुजून खत व्हतं त्याचं. हे तुझ्या कॉलेजात शिकवत नाय व्हय? तुझ्या बापानं एका नजरेत वळखलं असतं. एकीकडं वाटे, हिला कळू नये. दुसरीकडं वाटे, भारतची पोर हाय, हिला कळायला पायजे. तू फॉर्म काढलास, पेन्सिल काढलीस, अन् त्याच पाण्यावर बसून 'नाय' लिवलंस.

का लपवलं ते सांगते. माझ्या सासूचं माहेर धरणात गेलं. आधी असाच एक वहीवाला आला व्हता. सासूच्या बापानं त्याला मानानं फिरवला, पाण्याचं एकेक ठिकाण दाखवलं, जेवू घातलं. दोन सालांनी गाव उठलं. ते पाणी आता नळानं शहरात जातं अन् आमच्या रस्त्याला टँकर येतो. तवापासून वाडीत लेकरालाबी ठाव हाय, वहीवाल्याला पाणी दाखवायचं नाय. कागदावर पाणी लागलं तर टँकरबी बंद व्हईल, ही भीती येगळीच.

तू सांगितलं व्हतंस, दगडाची खाण हाय म्हणून. आम्हाला पटलं नाय. दगड न्यायला कोण इचारतं? आजवर मुरूम नेला, दगड नेला, कुणी दारात येऊन इचारलं नाय. इचारून नेत्यात ते पाणीच. म्हणून आम्ही म्हणलं, ही पोर आपली हाय, पण तिच्या मागं पाणीवालेच असणार.

आता मामांना सांगितलं तर म्हणत्यात, "गप ऱ्हा, तीन सह्या झाल्यात, आता पाणी हाय म्हणलं तर आपण खोटे पंच ठरू." अन् गप राहिलं तर पाणी जातं. तू सांग. तू शिकलेली हायस.

आत्या


सातपूर
११ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. पण पाणी आहे, हे शेखर सरांना सांगितलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि विचारलं, "झरा तू पाहिलास?"

"नाही."

"मोजलास?"

"नाही."

"मग तुझ्याकडे आहे काय? आत्याचा निरोप. दुसऱ्या बाजूला पंचांच्या तीन सह्या, त्यातली एक त्याच आत्याच्या नवऱ्याची. हे बाहेर काढलंस तर आधी तुझे मामा अडकतील, मग तू, मग मी. उन्हाळ्यात पुन्हा पाहणी करायला खाणमालक तयार होणार नाही. आणि गावालाच हवं असेल तर सुनावणी कशासाठी असते? त्यांना बोलू दे."

मग म्हणाले, सुनावणीत प्रकल्पाची माहिती मराठीत वाचून दाखवायची असते, ती तू वाच. तुझं मराठी चांगलं आहे आणि गावात तुझं माणूस आहे, लोक शांतपणे ऐकतील. मी हो म्हणाले. का म्हणाले ते पुढे लिहिते.

खाणमालकाने कामावर घ्यायच्या स्थानिक मुलांची यादी जोडली आहे. डंपर चालवण्यासाठी पहिलं नाव आपल्या अमोलचं आहे. तू हे लिहिलं नव्हतंस. मी रागावत नाही. तुझा मुलगा आहे, त्याला घराजवळ काम हवंच. पण आता तुझ्या घरातही दोन बाजू झाल्या आहेत, हे मला कळायला हवं होतं.

आता नीट वाच. सुनावणी २८ जानेवारीला, मंगळवारी आहे. तिथे कुणीही उठून बोलू शकतं, शिक्षण लागत नाही. जे बोललं जातं ते लिहून घेतात आणि शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. तू फक्त उभी राहा आणि म्हण, 'उंबराखाली बारमाही पाणी आहे.' एवढं एकच वाक्य पुरे. अधिकारी लगेच माझ्याकडे वळतील, कारण वाचणारी मी असेन. ते विचारतील आणि मी म्हणेन, त्या खरं बोलत आहेत, माझ्याकडून चूक झाली. म्हणून मी वाचायला तयार झाले. मी आपणहून बोलले तर म्हणतील, नातेवाइकांसाठी फिरली. आवाज गावातून यायला हवा.

माझ्या नोकरीचा विचार करू नकोस. बाबांनाही मी समजावीन.

तू उठशील ना?

हर्षाली


कुरणवाडी
३० जानेवारी

चि. हर्षाली,

मी उठले नाय. तू बघितलंसच.

सकाळपासून ते एक वाक्य घोकत व्हते. भाकऱ्या थापताना म्हणलं, लुगडं नेसताना म्हणलं. मांडवात दुसऱ्या रांगेत बसले, मुद्दाम कडेला, म्हंजे उठताना कुणाच्या पायात यायला नको. पुढं अमोल बसला व्हता, डोक्यावर खाणवाल्याची पिवळी टोपी. कामाचा अजून पत्ता नाय अन् टोपी आधीच वाटली.

तू आलीस. निळी साडी, गळ्यात ते ओळखपत्र. माईकवर बोलायला लागलीस तर मागून झिपरूची बायको म्हणते, "अगं बाई, ही चंद्रभागाची भाची? कशी फाडफाड बोलती! साहेबबी मान हालवतोय." आपल्या घरात कुणी असं उभं राहिलं नव्हतं. मला वाटलं, आता मी उठायचं अन् ह्या पोरीच्या तोंडावर म्हणायचं, की ही वाचती ते खोटं हाय?

तरी उठणार व्हते. तू म्हणलीस, "बारमाही झरा आढळला नाही." अन् थांबलीस. सरळ माझ्याकडं बघितलंस. तुझे डोळे भरल्यासारखे दिसले. मला वाटलं, तू सांगतीस, आत्या, नको, बसून ऱ्हा, नोकरी जाईल माझी. म्हणून मी बसले. गुडघा वर उचलला व्हता तो खाली घेतला.

मंग साहेबांनी सगळं लिवलेलं वाचलं. धुळीचं बोलले ते आलं, रस्त्याचं आलं, अमोल उठून "पोरांना काम पायजे" म्हणला ते आलं. शेवटी वाचलं, "पाण्याच्या स्रोताबाबत कोणतीही हरकत आली नाही." सगळी वाडी खाली बघत व्हती. सव्वाशे माणूस, अन् एकालाबी खोकला आला नाय.

तू म्हण, मी बरोबर केलं का?

आत्या


सातपूर
९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मी थांबले ते 'ऊठ' म्हणायला. डोळ्यांनी तेच सांगत होते. दहा सेकंद मी तुझ्याकडे पाहत राहिले. सर मागून कुजबुजले, "पुढचं पान." आणि मी पुढचं पान वाचलं.

तुझ्यावर ढकलू नये, हे मला आता कळतं. 'आवाज गावातून यायला हवा' असं मी लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. मला भीती वाटत होती, म्हणून पहिलं वाक्य तुला दिलं आणि स्वतःकडे दुसरं ठेवलं. पदवी माझ्याकडे, माईक माझ्यासमोर, नाव माझं छापलेलं. उठायचं मात्र तू. मी तिथे उभीच होते, आत्या. मला तर उठावंही लागणार नव्हतं.

तीन तारखेला मी मंजुरी देणाऱ्या समितीला पत्र पाठवलं. रजिस्टर पोस्टाने, माझ्या नावाने. त्यात एवढंच आहे की एकशे बत्तिसाव्या पानावरची नोंद मी पावसाळ्यात, स्वतः न तपासता, ऐकीव माहितीवर केली. तिथे झरा असल्याचं मला नंतर समजलं. प्रत्यक्ष पाहणी करावी. कुणी सांगितलं ते लिहिलं नाही. पत्राची प्रत सरांच्या टेबलावर ठेवली.

सरांनी ती दोनदा वाचली. "शुद्धलेखन चांगलं आहे," म्हणाले. मग म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस, अनुभवाचं प्रमाणपत्रही मागू नकोस, कारण त्यात मी काय लिहू?

समितीकडून काय येईल, माहीत नाही. एका मैत्रिणीने फोन करून विचारलं तर उत्तर मिळालं, पत्र फाइलला लावलं आहे. लिहिणारी स्वतःच सल्लागाराकडची असल्यामुळे तिच्या एकटीच्या शब्दावर निर्णय होत नाही; पाहणी झालीच तर पंचांपैकी कुणाचं तरी लेखी म्हणणं लागेल.

म्हणजे पुन्हा मामांवर आलं. मी त्यांना काहीही सांगणार नाही, आणि तूही सांगू नकोस, जोवर ते स्वतः विचारत नाहीत. एकदा मी तुझ्याकडून हवं ते बोलून घ्यायला निघाले होते, पुन्हा नाही.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघते आणि वाचनालयात बसते. संध्याकाळी ते विचारतात, "आज कुठला डोंगर?" आणि मी कुठलातरी सांगते. बघ, मीही शिकले.

हर्षाली


कुरणवाडी
२६ मार्च

चि. हर्षालीस,

उशीर झाला. इतकं घडलं की कुठून लिवू ते कळंना.

पहिलं तुझ्या बापाचं. भारतला मी फोन करून सांगितलं. तू नको म्हणली असतीस म्हणून तुला इचारलं नाय. तो म्हणला, "मग डबा कशाला भरून नेती? घरीच जेवायचं की." एवढंच. तू आता त्याच्यासमोर बसून जेव.

आठ दिवसांमागं समितीची दोन माणसं आली, एक म्हातारे प्राध्यापक अन् एक बाई. बाईंच्या हातात तुझं पत्र व्हतं, मी अक्षर वळखलं. वाडीतलं कुणी बाहेर येईना. बारकू शेताला निघून गेला, झिपरू तापाचं सांगून निजला. तुझ्या मामांना मी काय म्हणले नव्हते. तुझं पत्र आलं तवाच फळीवर उघडं ठेवलं व्हतं, वाचायचं तर वाचा म्हणून. महिनाभर ते त्या पत्राला हात न लावता फळीवरनं चुना-तंबाकू घेत व्हते. त्या दिवशी गाडीचा आवाज आला तसे उठले, पागोटं बांधलं अन् म्हणले, "चल, दाखवू."

होळीलाच शिळा काढली व्हती. प्राध्यापक वाकले, ओंजळीनं पाणी प्याले. मंग मामांना म्हणले, "काका, सप्टेंबरात लिहून दिलंत पाणी नाही. आज म्हणता आहे. उद्या काय म्हणाल?"

मामा म्हणले, "साहेब, तवा भ्यालो व्हतो म्हणून सही केली. आजबी भ्यालोयच. पण तवा संगट दोघं व्हते, आज एकटाच करतो."

त्यांनी लिवून घेतलं अन् मामांनी सही केली. आता फाइलीत एका कागदावर पाणी नाय अन् दुसऱ्यावर हाय, दोन्ही खाली गोटीराम. बाई म्हणल्या, ह्याचे परिणाम होऊ शकतात, माहीत आहे ना? मामा म्हणले, "व्हय."

मला वाटलं, झालं. पण प्राध्यापक म्हणले, मार्चमधलं पाणी बघून बारमाही म्हणता येत नाय. जून लागेपतोर रोजची नोंद पायजे, तारीख-येळ घालून, कमी झालं तर कमी, आटलं तर आटलं. ती बघून ठरवतील. तवर मंजुरी थांबली हाय, नाकारली नाय. खाणवाल्याची मशीनं खालच्या वळणावर येऊन उभी हायत.

अमोल घर सोडून गेला. मशीनापाशी पत्र्याच्या खोलीत ऱ्हातो. जाताना बापाला म्हणला, "तुमच्या पाण्यापायी माझं स्टेअरिंग गेलं." वाडीतल्या बाया पाण्याला येत्यात, हंडा भरत्यात, माझ्याशी बोलत नाय. माझ्याच हातून कळशी सरकवून घेत्यात अन् बोलत नाय.

नोंद ठेवायला माणूस मिळंना, म्हणून मीच ठेवते. शंभर पानी वही आणली. कळशी धारंखाली धरायची अन् भरेपतोर मोजायचं; आकडा वाढला म्हंजे धार बारीक झाली. मला घड्याळाचा सेकंदकाटा जमत नाय, तोंडानंच एक, दोन म्हणते. हे चालतं का लिव. चालत नसंल तर काय रीत असती ती लिव, अन् जमलं तर येऊन दाखव. साक्षीच्या रकान्यात कुणी सही करंना. तुझी चालती का?

काल बारकू आला व्हता, अंधुक उजेडात, कुणी बघू नये असा. वही चाळली अन् म्हणला, "वहिनी, खुळी हायस का? आकडा कमी टाक. नव्वदच्या वर जाऊच देऊ नको. कोण बघतंय?" मी म्हणले, "तूच बघतोयस की." तो वही ठेवून निघून गेला.

त्याचं ऐकावं असं मलाबी वाटलं, खोटं कशाला सांगू. खरं लिवलं तर रोजचा आकडा आमच्याच इरोधात जातोय. परवा कळशीला एकशे बावीस लागले. काल एकशे तीस.

आज सकाळी, सहा वाजून दहा मिनिटं, एकशे सदतीस. लिवलंय.

चंद्रभागा